चालते व्हा!

रोज सकाळी माझ्या खिडकीखाली एक माणूस उभा राहतो आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगतो, "केतकीबाय, चालती हो!"

आमच्या अष्टमी गावात याचं कोणाला काही वाटत नाही. मागे ठाण्याची आत्या राहायला आली होती, तिला वाटलं. हातातला चहाचा कप तसाच ठेवून तिनं आईला विचारलं, "घरमालक आहे का तो?"

"छे गं," आई म्हणाली, "ते घरतकाका. मायेनं म्हणतात."

भास्कर घरत हे आमचे शेजारी. पुलापलीकडे रोहा, रोह्याच्या पुढे औद्योगिक वसाहत आणि तिथे आमची केमिकल कंपनी. काका स्टोअरला, मी एचआरला. माणसानं कामाला पायी जावं, अगदीच लांब असेल तर सायकलनं जावं, असं काकांचं मत आहे. मतं सगळ्यांनाच असतात. काकांचं मत मात्र सकाळी सातला उठून दारोदार फिरतं.

"चालते व्हा" ही त्यांची घोषणा आहे, आशीर्वाद आहे आणि औषधही आहे. पित्त झालंय, चालता हो. मुलाला मार्क कमी पडले, चालता कर त्याला. गेल्या वर्षी आळीत एक लग्न झालं. नवरा-नवरी जोडीनं पाया पडायला आले, तेव्हा काकांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून गदगदल्या आवाजात सांगितलं, "दोघं पण चालते व्हा!" नवरीकडची मंडळी मुंबईची होती. त्यांना समजावण्यात पंगत उठायची वेळ झाली.

मी एकदा भीत भीत म्हटलं होतं, "काका, त्याचा अर्थ वेगळा होतो ना?"

"कसा वेगळा?" काका म्हणाले. "'मोठे व्हा' म्हटलं तर कोण रागावतो? 'सुखी व्हा' म्हटलं तर? मग 'चालते व्हा'मधी काय वाईट हाय?"

मी इंग्लिश मीडियमची. शाळेत मराठी हा विषय मला पोटदुखीसारखा अधूनमधून होता. मला ते व्याकरण पटलं.

काकांच्या घरी गेलात तर तुम्हाला "बसा" म्हणणार नाहीत. चहा मिळतो, पण तो अंगणात फेऱ्या मारत प्यायचा. काका पुढे, हातात बशी, मागे पाहुणा. सुमनकाकी मात्र पायरीवर ऐसपैस बसून ही मिरवणूक बघत असतात. "आमच्या लग्नात सप्तपदी झाली," त्या सांगतात. "सात पावलं झाली. भटजी म्हणाले, थांबा. हे आठवं टाकायला निघाले. उपरण्याला माझी गाठ, मी पण मागनं फरफटत."

काका नोकरीसाठी पेणहून रोह्याला चालत आले, ही त्यांची आवडती गोष्ट. मी लहान होते तेव्हा ते नागोठण्याहून चालत आले होते. मी कॉलेजला गेले तोवर ते त्याहून लांबच्या गडबपासून चालू लागले होते. आता थेट पेण. दर वेळी काकी पायरीवरून म्हणतात, "येष्टीनं आलो आपण. माझ्या मांडीवर ट्रंक होती."

"तू येष्टीनं आलीस," काका म्हणतात. "मी मनानं चालत व्हतो."

त्यांच्याबरोबर चालणं हा एक वेगळाच प्रकार आहे. काका कोणालाही शेजारून चालू देत नाहीत. रस्ता कितीही रुंद असो, एकामागं एक. "बाजूबाजूनं चालायला आपण काय बैल हाव?" असं म्हणून ते पुढे होतात, छत्री पाठीमागे आडवी धरतात आणि बोलायला लागतात. मागं वळून बघत नाहीत. बोलतात ते समोरच्या रस्त्याशी, आणि आवाज वाऱ्यानं मागे येईल तेवढा आपला. विषय कुठलाही. या दुकानाच्या जागी पूर्वी काय होतं, कोणत्या मासळीला कोणत्या महिन्यात चव असते, डॉक्टर लोक स्वतः का चालत नाहीत.

या पद्धतीचा एक फायदा लोकांनी फार लवकर ओळखला. मागचा माणूस गळाला तरी पुढच्याला दिसत नाही.

कंपनीतल्या बहुतेकांनी आयुष्यात एकदा तरी काकांच्या मागे चालायचा वसा घेतला आहे आणि बाजारात पोचेपर्यंत टाकला आहे. पॅकिंगचा नामदेव यात पटाईत. तो मागून "व्हय काका, व्हय काका" म्हणत राहतो आणि दोन "व्हय"च्या मध्ये मिनीडोर रिक्षात चढतो. रिक्षा काकांना ओलांडते तेव्हा आतले सगळे माना खाली घालतात. काका आपले बोलतच असतात. तसेच बोलत बोलत कंपनीच्या गेटपर्यंत येतात, "हां, तर आलं गेट," असं म्हणतात आणि मागं न बघता आत जातात. जेवणाच्या सुट्टीत नामदेव कँटीनमध्ये ट्रे छत्रीसारखा पाठीमागे धरून हा प्रवेश करून दाखवतो. सगळे हसतात. मीही हसले आहे. माझी हसण्याची पद्धत अशी आहे की ते कोणाला दिसत नाही, एवढंच.

या महिनाअखेर काका रिटायर होणार होते. त्यांची एकच इच्छा राहिली होती, ती ते सगळ्यांना सांगत. "एकदा, एकाला तरी पुलापासून गेटपर्यंत पोचवणार. अर्ध्यातून पळालेला धरत नाय. गेटपर्यंत. मग मी मोकळा."

इतक्या वर्षांत एकही माणूस पोचला नव्हता.

अशा वेळी कंपनीला पर्यावरणाची आठवण झाली. पुण्याहून नवे मोठे साहेब आले होते. त्यांना वरून मेल आली की हरित सप्ताह साजरा करा, कामगारांना पायी किंवा सायकलनं कामावर येण्यास प्रोत्साहन द्या आणि फोटो पाठवा. तिन्हींपैकी फोटो हा शब्द ठळक अक्षरांत होता.

साहेबांचा बंगला कंपनीच्या गेटसमोरच आहे. साहेब तिथून गाडीनं येतात, कारण टँकरच्या वर्दळीत रस्ता ओलांडणं धोक्याचं आहे असा सेफ्टीचा अहवाल आहे. गाडी गेटातून आत येते आणि शेडमध्ये उभी राहते. ती शेड म्हणजे पूर्वीचा सायकल स्टँड. जुने लोक सांगतात की एके काळी अर्धी कंपनी खांब, कोलाड अशा गावांपासून सायकलनं यायची. मग शेड गाड्यांना दिली, सायकली उन्हातान्हात पडायला लागल्या आणि ज्याच्या त्याच्या दारात मोटारसायकल आली. आता त्याच लोकांना सायकलचं महत्त्व पटवायचं होतं. काम एचआरकडे, म्हणजे आमच्या मॅनेजर मॅडमकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

साहेब म्हणाले, "पोस्टर करा. वॉक टू वर्क. पण मराठीत हवं, लोकांना भिडायला हवं."

मला मराठीत भिडता येत नाही. मी स्टोअरला गेले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "लिही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या गेटवर पुरुषभर उंचीचं फ्लेक्स लागलं. हिरव्या रंगात, पानाफुलांच्या नक्षीत: "कामगार बंधूंनो, चालते व्हा! आपलं, व्यवस्थापन."

पहिल्या शिफ्टचे लोक गेटवर आले आणि थांबले. रात्रीच्या शिफ्टचे बाहेर पडले आणि तेही थांबले. मी पोचले तेव्हा गेटसमोर गर्दी होती आणि आत एकही मशीन चालू नव्हतं.

"सरळ तोंडावर सांगतात," एक जण म्हणत होता. "नोटीस नाय, बोलणी नाय."

"आणि वर बंधू म्हणतात," दुसरा म्हणाला.

"पानं-फुलं काढलेत बघ," नामदेव म्हणाला. "श्रद्धांजलीला काढतात तशी."

साहेब बंगल्याच्या गॅलरीत येऊन गर्दीकडे बघत होते. त्यांना वाटलं लोकांना पोस्टर भिडलं.

शेवटी काका पुढे झाले. त्यांनी गेटजवळच्या दगडावर चढून 'मोठे व्हा', 'सुखी व्हा' हे सगळं व्याकरण समजावलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग नामदेव म्हणाला, "काका, तुम्ही म्हणालात तर आम्ही समजून घेऊ. पण खाली व्यवस्थापन लिवलंय. व्यवस्थापन 'चालते व्हा' म्हणतं तेव्हा त्याचा एकच अर्थ असतो."

काका दगडावरून खाली उतरले.

दुपारी फ्लेक्स उतरलं आणि नवीन आलं: "कामावर पायी या." तेव्हा लोकांनी विचारलं, "म्हणजे कंपनीची बस बंद?" शेवटी साहेबांच्या सहीनं तिसरं फ्लेक्स लागलं. त्यात लिहिलं होतं की कोणालाही काढलेलं नाही, बस चालू राहील, चालणं ऐच्छिक आहे आणि पर्यावरण वाचवा. पर्यावरण सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. तीनही फ्लेक्स प्लास्टिकचीच होती.

काकांना साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण बाहेर आले तेव्हा काका पहिल्यांदाच हळू चालत होते. मला बघून म्हणाले, "शुक्रवारी पुलापासून गेटपर्यंत सगळ्यांची पायी फेरी हाय, तेवढी दिली. पुढं मी राहणार. फक्त बोलू नका म्हणाले."

"मग?"

"मी म्हटलं, बघू."

तो त्यांचा नोकरीतला शेवटचा शुक्रवार होता.

शुक्रवारी सकाळी कुंडलिकेच्या पुलावर, अष्टमीच्या टोकाला, तीसेक माणसं जमली. सगळ्यांना हिरवे टी-शर्ट दिले होते, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. त्या पिशव्या पुलावरून उडून नदीत चालल्या होत्या. दोघे जण सायकली घेऊन गेले होते, पण त्यांना कंपनीच्या गेटवरून परत पाठवलं होतं. वाहनावर पास चिकटवल्याशिवाय आत घेत नाहीत आणि सायकलचा पास कंपनीत छापलेलाच नाही. साहेबांनी हिरवा झेंडा दाखवला, टाळ्या वाजवल्या आणि गाडीत बसून पुढे गेले. फोटोग्राफरही त्यांच्याबरोबर गेला. मागून कंपनीची रिकामी बस हळूहळू येत होती. कोणाला चक्कर आली तर असावी म्हणून.

काकांनी टी-शर्ट शर्टाच्या वरून घातला होता. त्यांनी छत्री पाठीमागे धरली. "एकामागं एक," ते म्हणाले आणि निघाले. पूल संपायच्या आत बोलायलाही लागले.

पहिली चक्कर बाजाराच्या तोंडाशी आली. अकाउंट्सच्या एकाला. त्याला आधार द्यायला तिघे बसमध्ये चढले. मग चहाच्या टपरीशी काही गळाले. मग बस थांबत थांबत आली आणि चक्कर न येताच लोक चढू लागले. पुढून काकांचा आवाज येत होता, "...तर इथं पूर्वी कौलांची वखार व्हती, आणि वखारवाल्याची बायको अशी हुशार..."

बाजार संपून वसाहतीचा रस्ता लागला तेव्हा ओळीत आम्ही तिघं होतो. काका, नामदेव, मी. बस माझ्या शेजारी येऊन हळू झाली. नामदेव "व्हय काका" म्हणाला आणि चढला. पायरीवर उभा राहून त्यानं मला हात केला. "ये गो केतकी. त्यांना काय कळत नाय."

आत सगळे हिरवे होऊन बसले होते आणि माझ्याकडे बघत होते. मी चढले नाही. याचं श्रेय कोणी मला देऊ नये. तेवढ्या माणसांसमोरून सीटपर्यंत जायचं या कल्पनेनंच माझे पाय थांबले. त्यापेक्षा चालणं सोपं होतं.

बस पुढे गेली. काकांना ओलांडताना खिडक्यांतल्या माना खाली गेल्या. वखारवाल्याची बायको अजून हुशारच होती. ती गोष्ट संपली. दुसरी सुरू व्हायच्या आधी काका मागं न बघता म्हणाले, "नामदेव गेला काय गो?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"हो," मी म्हणाले.

"आज जरा लांब आला. त्याची डावी चप्पल फटफटते. नायतर बाजारातच बंद होते."

"तुम्हाला कळतं?"

"न कळायला काय झालं? मी काय बहिरा हाय?"

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

एक टँकर गेला, धूळ खाली बसली. मग मी त्यांच्या पाठीला विचारलं. पाठीला विचारणं मला जमलं. "मग मागे कोणी नसताना बोलत का राहता?"

काका थोडं अंतर तसेच चालले.

"पेणला खाडीवर आमचं मिठागर व्हतं," ते म्हणाले. "काळोखात निघायला लागायचं. दोन्ही बाजूला पाणी, मधी बांध. बांध एका माणसापुरता. पुढं आमचा बा, मागं आम्ही पोरं. पुढच्यानं बोलत राहायचं. काय वाट्टेल ते. आवाज येतोय म्हंजे पुढं बांध हाय, फुटलेला नाय. पुढचा गप्प झाला की मागच्यानं पाऊल टाकायचं नाय."

"पण काका, मागे कोणी असलं तर ना."

"आता नसंल," काका म्हणाले. "पण मधेच एखाद्याला वाटलं, जावं परत, तर? मी गप्प दिसलो तर तो काय समजेल? पुढं वाटच नाय."

मग ते खाकरले, पुन्हा खाकरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्यांचा घसा पार बसला होता. अष्टमीपासून ते तीस माणसांना पुरेल एवढं बोलत आले होते.

"तू हो पुढं," ते खरखरत म्हणाले.

"मी?"

"मग काय, दोघं मागं राहणार?"

मी पुढे झाले. पुढे होणं म्हणजे बोलणं, हे मला दोन पावलांनंतर आठवलं. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. घरी पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात जाते. कंपनीत फोन उचलायचा असला की आधी काय बोलायचं ते मनात म्हणून घेते. मागे काकांची पावलं मला थांबलेली वाटली. मी घाईघाईनं समोर जे दिसलं ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"टायर पंक्चर काढून मिळेल," मी म्हणाले.

मागून पाऊल वाजलं.

"येथे वेल्डिंगची कामे केली जातात. चहा, नाश्ता, जेवण. गाळा भाड्याने देणे आहे. गाळा नंबर..." ते आकडे मराठीत होते. मी अंदाजानं काहीतरी म्हटलं आणि पुढे गेले. "हवा मोफत. धोका, हाय व्होल्टेज. येथे थुंकू नये."

वसाहतीतल्या सगळ्या पाट्या मी वाचल्या. पाट्या नव्हत्या तिथे टँकरचे नंबर वाचले. एक सायकलवाला वळून वळून बघत गेला. मला लाज वाटायला हवी होती, पण लाज वाटायला थांबावं लागलं असतं.

गेटसमोर पोचलो तेव्हा फोटो संपत आला होता. बसमधून उतरलेले सगळे ओळीनं, एकामागं एक उभे होते. घाम दिसावा म्हणून बाटलीतलं पाणी एकमेकांच्या कपाळावर शिंपडत होते. साहेब ओळीच्या सगळ्यात पुढे होते. बंगल्यातून तेवढं अंतर ते खरोखर चालत आले होते. आम्हाला बघून त्यांनी ओले हात पुसले.

"अरे, तुम्ही खरंच चालत आलात?" ते म्हणाले.

ओळ मोडली. लोक पंचिंगला पळाले. नामदेव गेटातून ओरडला, "काय काका, पोचलं काय कोण?"

मला वाटलं होतं काका साऱ्या कंपनीला ओरडून सांगतील. निदान माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हणतील. ते नुसते गेटच्या खांबाला हात लावून उभे राहिले. टी-शर्टाच्या टोकानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, मग चष्मा पुसला. त्यातला घाम कुठे संपला ते मला कळलं नाही.

"तो गाळा एकोणऐंशी व्हता गो," ते बसलेल्या आवाजात म्हणाले. "तू एकोणनव्वद म्हणालीस."

मी चमकून बघितलं. "तुम्ही ते सगळं ऐकत होतात?"

"मग?" काका म्हणाले. "मी मागं व्हतो ना."